तपकिरी मोजताना

डंडीत नोव्हेंबरचे साडेतीन वाजले
की आधी टे नदीवरचा पूल दिसेनासा होतो, मग नदी.
आमच्या तळघराला दोन्हीचं सोयरसुतक नाही.
इथे ट्यूबलाइट, फॉर्मॅलिन,
आणि बोराएवढी एक पिशवी,
वरच्या जबड्यातून, पुढच्या दाताच्या मुळाशी सापडलेली.

फॉर्मवर एवढंच:
स्त्री, छप्पन्न.
शाळेत असताना बर्फावर पडली होती.
वेदना नाही.
शेवटच्या दोन शब्दांखाली कुणीतरी रेघ ओढली आहे.

सोबत आलेला हाडाचा तुकडा चार दिवस आम्लात बसला.
काल सुई टोचून पाहिली,
खरवसात जावी तशी गेली.
मग मेण, मग पातं, चार मायक्रॉनचा काप:
कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे गोधडी.
इंटरल्यूकिन-सहा हुडकणारं प्रतिपिंड टाकून
रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला.

आज पाहते तर
निळ्यावर कात सांडलेला.
काठाने तपकिरी, रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी,
आणि या गावाला शोभतील असे
गोणपाटाच्या विणीचे तंतू,
त्यांतही शिरलेल्या पेशी,
एकीच्या खांद्यावर दुसरी, जत्रेत उभ्या असाव्यात तशा.

दात तेव्हाच मेला होता, बर्फावर.
शरीराला कुणी कळवलं नाही,
किंवा कळवलं आणि ते म्हणालं, बघू.
चव्वेचाळीस वर्षं बघत बसलं.
तिने त्या दाताने सफरचंदं खाल्ली असतील,
लग्नाच्या फोटोत तो पुढे आला असेल,
आणि आत ही धुसफूस,
नखाएवढ्या जागेत, ब्र न काढता.

मधूनमधून सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी.
तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते,
आमच्याच द्रावणांनी धुऊन नेले.
जागा मात्र टोकदार राहिली आहे.

रिपोर्टात शब्द जाईल 'सौम्य'.
मी लहानपणी हा शब्द उन्हाला लावायचे,
आणि आमच्या गणिताच्या सरांना, जे कधी ओरडले नाहीत
आणि एके दिवशी शाळेत आलेच नाहीत.

"शून्य ते तीन, आकडा दे," लॉकलन म्हणतो. कोट घातलेला.
दोन की तीन?
"दोन म्हण. मला मुलीला आणायचंय."
मी पुन्हा दहा क्षेत्रं मोजते.
मोजताना कळतं, माझीच दाढ दाढेवर घट्ट बसली आहे,
कधीपासून, देव जाणे.
तीन लिहिते.
तो काही बोलत नाही, मुलीच्या शाळेला फोन लावतो.

बसथांब्यावर एक बाई, पन्नाशी उलटलेली,
कागदातल्या गरम चिप्स फुंकून फुंकून खाते,
पुढच्या दातांनी नाही, बाजूने.
ती हीच असेल असं काही नाही.
मी जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.
तिने कागद माझ्यापुढे धरला.
"घे गं. गारठलीयेस नुसती."