पिशवी घे आधी

पिशवी घे आधी. ती निळी नको, तिचा बंद गेलाय.
खताच्या पोत्याची घे, दारामागं खिळ्याला हाय.
आणि सुट्टे घे. पाचशेची नोट दिसली की
कपिलतीर्थात सगळ्यांचे कान एकदम बंद होतात.

मी सांगतो तसं जा.
हसतीस कशाला गं? आमच्यात बाया असंच बोलतात.
येतो, जातो, करतो.
वर्ध्याची तू, वर्षभर माझ्या वरच्या खोलीत राहा,
मग बघू कोण हसतंय.

कपिलतीर्थात पहिल्या रांगेला थांबू नको.
तिथली वांगी पाणी मारून चमकवलेली.
आत जा, खांबाच्या मागं,
वडणग्याची हौसाबाई बसते हातभर जागेत.
तिच्याशी भाव करायचा न्हाई.
मी एकदा केला.
तिनं मेथीची पेंढी दिली, पैसे घेतले न्हाईत,
आणि वर बघितलं पण न्हाई.
त्या मेथीचं काय केलं ते विचारू नको.

लक्ष्मीपुरीत मात्र भांड. भांडायलाच जायचं तिथं.
तांदूळ चिमटीत घेऊन दाताखाली फोड,
टक् वाजला तर जुना.
भूपाल मगदूम चष्मा कपाळावर चढवून म्हणेल,
‘ताई, तोट्यात देतोय बघा.’
चाळीस वर्षं तोट्यात हाय बिचारा,
दुकानावर तीन मजले चढले.

मिरची रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी.
देठ मोडून नाकाशी धर.
शिंक आली न्हाई तर पुढं हो.
निम्मी-निम्मी घे, चटणी मी करून देतो,
तुमच्याकडचं ते तिखट, त्याला आम्ही रंग म्हणतो.

गूळ पिवळाधमक दिसला की हात मागं.
काळपट बघून घे,
थोडा कुरूप, थोडा चिकट, माझ्यासारखा.

गुजरीतनं जायचं तर सरळ जा.
तिथला तराजू काचेच्या पेटीत असतो, वारा लागू नये म्हणून.
जिथं तराजूलाच काचेचं घर
तिथं खताच्या पोत्याचं काय काम?
(तरी बघ. बघायला कोण पैसे घेत न्हाई.)

दमलीस तर गंगावेशीला ये, दिवेलागणीला.
म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून पेला देतात.
वरचा निम्मा फेस, त्याचेपण पैसे.
तिथं हिशोब घालायचा न्हाई,
मिशी पुसायची आणि घरला यायचं.

आणि हां, पायताण.
बाहेर टांगलेलं बघायचं, घ्यायचं न्हाई.
आत विलास सातपुते बसलेला असतो, शब्दाला महाग.
कागदावर उभं करील, पेन्सिल पायाभोवती फिरवील,
गुदगुल्या झाल्या तरी हलू नको, माप चुकतं.
आठ दिवस चावंल. चावू दे.
मग ते पायाला आपला म्हणतं.

त्याला माझं नाव सांग. शालन, जवाहरनगरची.
अंगठा शिवायला एक जोडी टाकलीय मी,
दोन वर्षं झाली, का तीन?
गुडघ्याच्या आधीची गोष्ट.
आणू नको ती. मी काय आता जिना उतरणार हाय?
नुसतं विचार, अजून हाय का.

हाय म्हणाला तर म्हण, असू दे.
न्हाई म्हणाला तर
तर मला येऊन हाय म्हणून सांग.

आणि सगळ्यांचे भाव विचारून ये,
घ्यायचं नसलं तरी.
कोथिंबीर कितीला, लसूण कितीला, कोण कुणाशी भांडलं.
तेवढं आण माझ्यासाठी.
ते पिशवीत मावतं.