रकाना नाही

गुरुवारी दुपारी शेडमागं
निखारेकाका पत्र्याच्या परातीत डिझेल ओततात
आणि पेटवतात.
आडनाव निखारे, नोकरी विझवायची:
हा विनोद हिंगण्याच्या एमआयडीसीत
माझ्या आधीपासून जुना आहे.

मी नळी धरते. तीन भाग आमचं द्रावण,
सत्त्याण्णव भाग पाणी.
काका घड्याळ धरतात.
फेस पसरतो कडेकडेनं, दुधावर साय यावी तसा,
आणि आग खालच्या खाली
श्वास शोधत राहते.

मग मापात फेस भरून ठेवायचा.
त्यातलं पाव पाणी चार मिनिटांच्या आत गळलं
तर बॅच नापास.
बुडबुड्यानं किती वेळ बुडबुडा राहावं,
बारा वर्षं आम्ही हेच मोजून राहिलो.

"याच्या कनाले दोन तोंडं असते," काका सांगतात,
"एक पान्याकडं, एक तेलाकडं."
"म्हणजे भांडण त्यांचं, मरण याचं."
"काहून मरते? साबन मरते काय कदी, बाई?"

माझ्या हातांचं तेलही तोच घेऊन जातो.
घरी गेल्यावर मी जवसाचं चोळते.
सकाळी परत कोरडे.

वाडी नाक्याजवळ टँकर उलटला त्या रात्री
बंबवाले गेटवर आले. त्यांचा फोम संपला होता.
अठरा ड्रम. मी पावती फाडली, सही घेतली,
आणि पावतीबुकासकट गाडीत चढले.
परातीपेक्षा मोठी आग
मी तोवर पाहिली नव्हती.

पहाटे अमरावती रोड घोट्यापर्यंत पांढरा.
चहाच्या टपरीवरच्या पोरानं फेसात बोटानं
स्वतःचं नाव लिहिलं, वितळेस्तोवर बघत बसला.
सांडलेल्या तेलावर दुसरं द्रावण मारलं,
खराट्यांनी घासलं, पाणी सोडलं.
सहाला रस्ता खुला. साहेब म्हणाले, साफ.

पुलाखाली नाल्यात
तेलाचे रंग कुठंच दिसत नव्हते.
तेल होतं. फक्त इतकं बारीक झालं होतं
की त्याच्यावर बोट ठेवता येईना.
कुणाच्या तरी पाच म्हशी काठाशी आल्या,
नाक खाली केलं,
आणि उतरल्या नाहीत.
हाकणारा ओरडत होता.

आमच्या रजिस्टरात रकाने आहेत:
बॅच नंबर, किती सेकंदांत विझली, किती वेळात गळलं.
विझवल्यावर कुठं गेलं, याला रकाना नाही.
पुढच्या गुरुवारी मी समासात
पेन्सिलीनं लिहिलं: म्हशी उतरल्या नाहीत.

काकांनी चष्मा पुसला, वाचलं.
खोडरबर खिशातच होतं त्यांच्या.
खाली सही केली, पेनानं.