डावा गुडघा, वय सत्तेचाळीस

घणसोलीला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
गटाराची जाळी रस्त्याच्याच दिशेने बसवलीय.
पट्ट्या उभ्या, फटी उभ्या,
आणि माझ्या सायकलचं पुढचं चाक
त्यात असं अलगद गेलं
जसं टपालपेटीत पत्र.

मी मात्र पोचले नाही कुठे.
जाळीच्या पुढे हातभर,
दोन्ही तळहातांवर.

आधी आजूबाजूला बघितलं, गुडघ्याकडे नंतर.
या वयात दुखायच्या आधी लाज वाटते.
पाटीत कोळंबी घेऊन बसलेल्या बाईने
सोलता सोलता विचारलं, "लागला का गो?"
नाही, म्हटलं.
"मंग रगत कोनाचा?"
आणि बर्फाचा एक खडा पुढे केला.
दिवसभर गुडघ्याला कोळंबीचा वास.

कोपरखैरण्याच्या मेडिकलमधला पोरगा म्हणाला,
"किती वर्षांचा आहे? लहान असेल तर
कार्टूनवाल्या पट्ट्या देतो."
सत्तेचाळीस, म्हटलं.
बिल होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

औषध झोंबलं तेव्हा कळलं,
फुंकर घालायला दुसरं माणूस का लागतं.
माझा गुडघा आता
माझ्या तोंडापर्यंत येत नाही.

सोमवारी मसाला मार्केटात
उठताना हात टेकला तो नेमका
ब्याडगीच्या पोत्यावर.
सोललेला तळहात आणि मिरचीची भुकटी,
याबद्दल मी जास्त लिहीत नाही.
हिरजीशेठ म्हणाले, "मॅडम, रिक्षाचे पैसे आम्ही देऊ."
करंगळी अजून बधिर होती,
सातचा आकडा एकसारखा येत नव्हता.
आणि खुर्चीवर मी कशी बसत होते
हे फक्त मला आणि त्या अरुंद सीटला माहीत.

कणीक चार दिवस श्रीरंगने मळली.
पोळ्या कडकडीत. कोणी काही बोललं नाही.
पोटरीवर साखळीने उमटवलेले काळे दात
साबणाने जात नव्हते,
खोबरेल लावून पुसले, तरी दोन राहिले.
राहू दिले.

नव्या जखमेच्या बोटभर खाली
एक जुना वण आहे, चिंचोक्याएवढा.
इस्लामपूर, भाड्याची सायकल, तासाला रुपया.
पडले, पण तास संपत आला होता
म्हणून रडायचं राहूनच गेलं.
सायकल सोडली ती त्या पडण्याने नाही.
घरात नवी आली तेव्हा
दादाची उंची मोजून घेतली होती.
मला कोणी नको म्हटलं नाही.
विचारलंच नाही, मग नको कोण म्हणणार?

आठव्या दिवशी खाज सुटली.
पातळ, तांबूस, कडेने उचललेली खपली.
खाज सुटली म्हणजे भरत आलं, असं म्हणतात.
नखं दोनदा तिथवर गेली.
एकदा परत आली.

रविवारी उजाडताना पुन्हा तोच रस्ता.
दुसरा होता, पूल ओलांडून, सपाट, रुंद.
पण मला ती जाळी बघायची होती,
भांडण झालेल्या शेजारणीला
खिडकीतून बघतात तशी.

जाळीवर माशांच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण,
उडू नये म्हणून वर वीट,
विटेवर लाल चिंधी.
आणि तीच बाई, तीच पाटी,
वर न बघता म्हणाली, "आज बर्फ नाय मिलनार."

ब्रेक दाबला. पाय टेकला. डावा.
कळ आली, कमरेपर्यंत चढली, थांबली.
अर्धा किलो कोळंबी घेतली,
घासाघीस न करता, जी मी कधी सोडत नाही,
आणि पिशवी हँडलला अडकवली.
घरापर्यंत ती डुलत राहिली,
प्रत्येक पायडलला एकदा,
नेमकी खपलीवर आपटत.