मसाल्याचा डबा

बोलण्याआधी त्यानं माझा फोन मागितला,
स्वतःचाही काढला,
आणि दोन्ही ठेवले कांदा-लसूण मसाल्याच्या
सरत आलेल्या डब्यात. झाकण दाबून.
"ऐकत असतंय ओ ते."

हुपरीचा माणूस. पैंजण घडवणारा.
नाव सांगणार नाही, इथंही नाही.
घुंगरांची मजुरी साठवून घेतलेलं नाणं,
जे कधी वाजलं नाही, तळहातावर आलं नाही,
एका रात्रीत शून्य.
मी वहीत पेन्सिलीनं लिहीत होते.

त्याच नाण्याचा रणधीर परवा भेटलेला,
राजारामपुरीत. मिसळ त्यानंच सांगितली.
"मॅडम, चार ओळी चांगल्या लिहा,
तुमच्या खात्यात दोन हजार नाणी टाकतो.
कुणाला कळतंय?"
जादा कट मी मागवला नाही.
माझे पैसे मी दिले,
सुट्ट्यांसाठी पानपट्टीपर्यंत जाऊन.

गुजरीत आजोबा कसाच्या दगडावर सोनं घासायचे.
गिऱ्हाईक मेहुणा असो नाहीतर मामलेदार,
रेघ उठेल ती.

तो गेल्यावर डबा उघडला.
पडदा उजळला:
मायक्रोफोन वापरू द्यायचा का?
नाही, दाबलं.
काचेवर तिखटाचा ठसा.

मग विसरून त्याच बोटानं
डोळा चोळला.