बरेवाईट साहेब

नाव ब्रेथवेट. आमच्या हैबतीच्या जिभेला
ते कधी वळलंच नाही. पहिल्याच दिवशी
त्यानं त्याचं बरेवाईट करून टाकलं,
मग सदर बझारात सगळेच म्हणू लागले,
बरेवाईट साहेबाचा घोडा लंगडतोय आज.

राज्य खालसा झालं त्या साली आला,
मिसरूड फुटलेला लेफ्टनंट.
पहिलं काम मोजदादीचं :
वाड्यातल्या समया, हत्तीच्या झुली, पोपटांचे पिंजरे,
पिंजरे रिकामे की भरलेले, तेही लिहायचं.
सकाळी मात्र कडुलिंबाखाली, खुर्चीत,
मान मागं टाकून हैबतीच्या हवाली.

मान हवाली केलेला माणूस बोलत नाही, ऐकतो.
माहुलीला पाणी किती चढलं,
कुणाची म्हैस व्याली, कुणाचं वतन गेलं.
साहेब फेसातून ‘हं’ म्हणायचा.
अकरा वर्षांत दोन बढत्या, तीन ताप,
आणि बायको इथंच, कॅम्पातल्या कबरस्तानात.
तो आठवडा तेवढा दाढीविना गेला.

आणि सत्तावन्न सालातली ती सकाळ.
गेंडामाळावर खांब रोवून झाले होते.
साहेबाला तिथं उभं राहायचं होतं
गुळगुळीत, सगळी बटणं लावून.
हैबती त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही.
वस्तरा कानाखालून निघाला, जबड्याच्या कडेनं उतरला
आणि गळ्याच्या घाटीपाशी थांबला.
लांब कुठं ढोल वाजला.
किती वेळ थांबला, ते आमच्यात प्रत्येकजण वेगळं सांगतो.
आजा म्हणायचा, एक श्वास.
चुलता म्हणायचा, तंबाखू मळून होईल इतका.
मग केसाएवढी रेघ. एक थेंब.
साहेबानं डोळे उघडले नाहीत.
रुमाल लावला. म्हणाला, “चालू दे.”

पुढं कर्नल होऊन विलायतेला गेला,
निवडणुकीला उभा राहिला, चौदा मतांनी आला.
तिकडंही मतदारांना पाजावी लागायची म्हणे;
हे सांगितलं की दुकानात अजून हशा होतो.
पार्लमेंटात नऊ वर्षं बसला, उठला एकदाच,
साताऱ्याच्या विषयावर, जेवणाच्या वेळेला, बाकं निम्मी ओस.
“अकरा वर्षं माझा गळा मी एका सातारकराच्या हातात दिला,
आणि रोज तो मला जसाच्या तसा परत मिळाला.
त्यांचं राज्य घेताना आपण हे आठवायला हवं होतं.”
ठराव पडला.

छापील भाषण त्यानं हैबतीला धाडलं,
सोबत हस्तिदंती मुठीचा वस्तरा.
मिशनच्या मास्तरानं मराठी करून वाचलं.
‘रोज’ शब्दापाशी हैबतीनं हात वर केला.
“त्यातला एक दिवस त्यानं गाळलाय.”
मास्तर कागद उलटापालटा करत राहिला.

वस्तरा आमच्याकडं आहे. मूठ पिवळी पडली,
त्यानं कधी कुणी दाढी केली नाही.
भाषणाबरोबर साहेबाचं चित्रही आलेलं :
पिकले कल्ले, कॉलर जबड्यापर्यंत ताठ,
वर रेशमी पट्ट्याचे तीन वेढे.
ती जागा दिसत नाही.
भिंग लावून पाहिलंय मी.

आता दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड.
तरी पोलिसांच्या कवायतीचा ढोल इथवर आला
की माझा हात थांबतो.
गिऱ्हाईक मिटल्या डोळ्यांनी विचारतं, काय झालं?
काही नाही.
मान जरा वर करा.