शेरा

दुकान आठला बंद करते. शेवटची झेरॉक्स बहुतेक
कुणाच्या तरी शेताच्या उताऱ्याची, कन्नडमधली;
त्याला येत नाही, मग मीच वाचून दाखवते.
मग शटर अर्धं ओढून
संगणकावर खापऱ्या उघडते.

खापऱ्या म्हणजे फोटो.
मलप्रभेकाठच्या कुठल्याशा टेकाडात सापडलेल्या,
संग्रहालयाच्या तळघरात चाळीस वर्षं पोत्यांत पडलेल्या.
मोजायला माणसं नाहीत त्यांच्याकडे,
म्हणून आम्ही: मी खानापुरातून,
नीलव्वा अंगडी बैलहोंगलहून,
आणि कुणी एक गोन्साल्विस, कुठला ते कळलं नाही,
त्याचं काम पहाटे तीनला येतं.
पैसे नाहीत. नवरा विचारतो, "मग मिळतंय काय की?"
मी म्हणते, खापऱ्या.

तिघांचं उत्तर जुळलं की खापरी पुढं सरकते.
रंग तांबडा. काठ बाहेर वळलेला. काजळी आहे.
असं रोज तीस-चाळीस.

काल आली दोन हजार एकशे सहा.
बुडाजवळचा तुकडा, त्यावर एक खळगा.
पर्याय तीनच: नक्षी, मोड, सांगता येत नाही.
नीलव्वानं नक्षी म्हटलं होतं, गोन्साल्विसनंही.
माझं एक पडलं की विषय संपला.

खरं मी भरमू कुंभाराची पोर.
आमच्यात चाकाला बाईनं हात लावायचा नाही.
आप्पा फिरवणार, आप्पा दोऱ्यानं बूड कापणार,
आणि मग हाक, "उचल गे!"
ओलं मडकं दोन्ही तळव्यांत, श्वास धरून,
आणि तरी कुठंतरी अंगठा रुततोच.
आप्पा ओरडायचा, थापटून बुजवायचा.
एखादा राहून जायचा, आव्यात भाजून पक्का व्हायचा,
गिऱ्हाईक काही बोलायचं नाही.

फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली असते.
तिच्यावरून चित्र वाढवत वाढवत
खळगा खऱ्या मापाचा केला
आणि काचेवर अंगठा टेकला.
बसला नाही. माझा मोठा.

निवडलं 'सांगता येत नाही',
जे खोटं होतं, कारण सांगता येतच होतं.
शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात:
नक्षी नव्हे. उचलताना रुतलेला अंगठा.
चाकवाल्याचा नसावा. दहा-अकरा वर्षांची असेल.

पाठवलं, आणि खापरी 'वादग्रस्त' झाली.
आमच्याकडं हा शब्द गावांना लावतात,
खापरीला लावलेला पहिल्यांदाच बघितला.

सकाळी नीलव्वाचा निरोप, कन्नडमध्ये:
तिच्या गल्लीत मडिके करायचे,
तिथंही पोरीच उचलायच्या, हे आता आठवलं.
तिनं उत्तर बदललंय.
मडकं, मडिके.
गोन्साल्विस नक्षीवर ठाम. विचारतो, पुरावा काय?

आज असोग्याच्या वाटेवरची माती आणून
टोनरच्या डब्याशेजारी भिजत घातलीय.
बाजूच्या टेलरची रेणुका, अकरा पुरी,
तिला हाक मारली आहे,
ये गे, जरा एक उचलून दे.