वाहनाचा रकाना

फैजपूरच्या ग्रामीण रुग्णालयात
अपघाताची नोंद मी करतो.
वेळ, वय, गाव, कोण घेऊन आलं,
आणि पाचवा रकाना: वाहन.
अठरा वर्षं झाली. अक्षर बिघडलं,
रकाने तेच.

भाविका दहावी झाली.
कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर.
प्रश्न एवढाच, की ती जाणार कशावर.

तिची आई म्हणाली, काळी-पिवळी बरी,
चार लोकायमधी बसीसन जाईन पोरगी.
चार? मी चौदा मोजलेत,
ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक,
अर्धा दाराबाहेर, वारा खात.
उलटली की माझं एक पान पुरत नाही,
खालच्या कोऱ्या पानावरही
नावं उमटतात, दाबून लिहिल्यामुळे.

मामा म्हणाले, स्कूटी घेऊ. हप्ते मी भरतो.
स्कूटीवाल्या पोरी येतात आमच्याकडे.
ओढणी चाकात गेलेली,
बारीक खडीवर घसरलेली.
हेल्मेट डिक्कीत, प्लास्टिकसकट,
नवंकोरं.

एस.टी. सगळ्यात भली, हे मी आकड्यानं सांगतो.
अठरा वर्षांत बसच्या आत बसलेले
सव्वीस जण, बहुतेक दात आणि गुडघे.
पण बसखाली आलेलेही
मी त्याच रकान्यात लिहितो, 'बस' म्हणून,
आणि पेन थांबतो:
वाहन कुणाचं लिहायचं असतं?
ज्यावर तो होता ते,
की जे त्याच्यावर आलं ते?
साहेबांना विचारलं होतं एकदा.
साहेब म्हणाले, रकान्यात जागा किती आहे?

ते असो. बस सकाळी सहाला,
मग थेट अकराला. कॉलेज साडेआठचं.

देवराम तायडेच्या नावापुढे मी 'पायी' लिहिलं,
जसं पायी हे एखादं वाहनच.
दूध घालून परत येत होता.
त्याच्या किटलीचं झाकण
अजून आमच्या कपाटात आहे,
न्यायला कुणी आलं नाही.

आणि आमच्या गल्लीतले पुंडलिक फेगडे,
भुसावळच्या पुढे कधी गेले नाहीत भीतीनं,
ते ओट्यावर बसल्या बसल्या गेले. साखर.
त्यांच्यासाठी माझ्याकडे रकानाच नाही.

राहिली सायकल.
सायकलवरून पडलं तर नोंद होत नाही,
घरीच हळद भरतात.
ती नोंदीत येते त्या दिवशी
मागे केळीचा ट्रक असतो, घाईतला,
रात्रभर घड भरून दिल्लीकडे निघालेला,
किंवा पुढे उभी ट्रॉली, दिवा नसलेली.
दर किलोमीटरला किती, दर फेरीला किती,
एका रविवारी मांडायला बसलो.
भागायचं कशानं?
किती सायकली नीट घरी पोचल्या
याचं रजिस्टर कुणी ठेवलेलं नाही.

आणि सायकलनं मारलेला माणूस
माझ्या वहीत एकही नाही.
एक कोंबडी, बामणोदची. भरपाई सत्तर रुपये.
ती मीच दिली होती.

मी असा हिशोबात, आणि भाविका ओसरीत
माझ्याच जुन्या सायकलला हवा भरत होती.
म्हणाली, बाबा, सीट खाली होत नाही, गंजलंय.
घासलेट टाकून मी ते सैल केलं.
बाजारातून लाल चमकपट्टी आणली,
मडगार्डला, पेडलला, डब्याच्या पिशवीलाही लावली.
ती म्हणाली, मी काय टँकर आहे का?

डिसेंबरात प्रॅक्टिकल लांबलं.
अंधारून आलं तसा मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो.
लांबून ट्रकचा उजेड आला,
त्यात चार-पाच लाल ठिपके पेटले,
खालीवर होणारे,
आणि ट्रक थोडा उजवीकडे झाला.
थोडाच. हातभर.

दुधाच्या कॅलेंडरच्या मागे
मी आता रोज एक रेघ ओढतो: पोचली.
काल चौसष्ट झाल्या.
मध्ये दोन दिवस कोरे आहेत,
त्या दिवशी ती मैत्रिणीच्या स्कूटीवर आली,
हसत, केस मोकळे सोडून.
त्यांचं काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.